रश्श्याचे मोजे

"सरळ उभी राहा गं, रेघ वाकडी जाईल!" हिल्डाच्या लहानपणी फ्रॉकची घडी आखताना आई असं म्हणायची. आज हिल्डा टेबलावर उभी होती, आणि तोच आवाज तिच्या कानात घुमत होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारे तिचे बाबा भुवयांच्या पेन्सिलीने तिच्या पोटऱ्यांवर मोज्यांची शिवण ओढत होते. लढाईच्या दिवसांत रेशमी मोजे कुठले मिळायला? रश्श्याला रंग आणायची पूड पाण्यात कालवून पायांना फासली, की झाले मोजे!

खलाशी सिरिलने रविवारी तिला मागणी घातली होती. उद्या सकाळी त्याची बोट सुटणार, आणि बाबांनी अजून हो-नाही काहीच सांगितलं नव्हतं.

तिघं सिनेमाला गेली. पडद्यावर अशाच एका घरातली मुलगी सैनिक नवऱ्याला निरोप देत होती. सगळं थिएटर मुसमुसत होतं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईंचा कुत्रा खुर्चीखाली शिरला आणि हिल्डाच्या पोटऱ्या चाटू लागला.

"अय्या, गुदगुल्या!" हिल्डा खिदळली.

"लाज नाही वाटत?" मागून एक आजी खेकसल्या.

"अहो आजी, कुत्रा तिचे मोजे खातोय!" सिरिल म्हणाला.

बाबांनी ओठ दाबून धरले, पण शेवटी पोट धरधरून हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ही सासरी गेली की घर खायला उठेल, म्हणून बोलत नव्हतो रे," ते डोळे पुसत म्हणाले. "दिली तुला माझी लेक. पण तू परत ये हां, जावईबापू."