वगळायचे शब्द

नवरा गेल्यावर तिसाव्या दिवशी तिने त्याचं खातं बंद केलं. नियमच होता तसा. जन्मनोंदणी कार्यालयातला कोणी नोकरी सोडो नाहीतर जग सोडो, तीस दिवसांनी त्याचं फोल्डर पुसायचं. हे काम सिस्टिम सांभाळणाऱ्याचं. सांभाळणारे दोघे होते, नवरा आणि बायको. आता एकच उरली होती, म्हणून तिनेच आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं. आत त्याच्या रोजच्या नोंदी आहेत हे तिला माहीत होतं. वाचाव्यात असं वाटलं नाही. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. बॅकअपही तीसच दिवसांचा, तो आपोआप गेला.

बरं, गेलं ते गेलं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण घरी सासूबाई होत्या.

तो गेला त्या दिवशी सकाळी मायलेकांचं वाजलं होतं. सासूबाईंचा चष्मा आठवडाभर दुकानात दुरुस्त होऊन पडला होता आणि मुलाला आणायला सवड नव्हती. "त्या मशीनची दुखणी बरी कळतात तुला, आईचे डोळे गेले खड्ड्यात," असं म्हातारी म्हणाली. तो दार आपटून गेला. दुपारी कार्यालयात खुर्चीतच कोसळला. तेव्हापासून सासूबाई दर दोन दिवसांनी विचारायच्या, "अगं, काही लिहून ठेवलं होतं का त्याने? रागावूनच गेला का गं माझ्यावर?" सून म्हणायची, बघते. पुसलंय हे सांगायला तोंड उघडत नव्हतं.

दोन महिन्यांनी डिस्क भरली. कार्यालयातला प्रत्येक कागद शब्दाने शोधता यावा म्हणून नवऱ्यानेच बारा वर्षांपूर्वी त्या युनिक्स मशीनवर शोधाचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. आठ दिवस इथून तिथून सुटे भाग गोळा करत, शिव्या घालत बसवलं होतं. ते रोज प्रत्येक फाइलमधले शब्द उचलून आपल्या सूचीत टाकायचं. फाइल पुसली तरी सूचीतले तिचे शब्द जात नसत. सूची नव्याने बांधली की मगच जात. मोठे साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत नव्याने बांधा. कारकून बोंबा मारतायत."

गुरुवारी तिने आधी शोध धड चालतोय का ते पाहिलं. अशा वेळी जन्माच्या दाखल्यात येणारच नाही असा शब्द टाकायचा आणि शून्य उत्तरं येतात का बघायचं, ही दोघांची जुनी पद्धत. तिने टाकलं, चष्मा. तान्ह्या बाळांना कुठला आलाय चष्मा!

उत्तर आलं, एक. त्याचं फोल्डर, तो गेला त्याच दिवसाची फाइल. उघडायला गेली तर मशीन म्हणालं, फाइल सापडली नाही.

तिने मग त्या एका फाइलच्या नावावर सूचीत जेवढे शब्द होते तेवढे काढून छापले. त्रेसष्ट भरले. सूचीला वाक्यं ठाऊक नसतात, ती शब्द वर्णक्रमाने लावते. आज. उगीच. औषध. चष्मा. चुकलं. खाली डिस्क होती, बोललो होतं, रागाच्या होतं, आणि शेवटाकडे सकाळीच्या आधी संध्याकाळी.

घरी येऊन तिने कागद सासूबाईंपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

"पुसलं कोणी?"

"मी."

"न वाचता?"

"न वाचता."

सासूबाई तो दुरुस्त केलेला चष्मा लावून, बोट ठेवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे शब्द वाचून गेल्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

"चष्मा आहे," त्या म्हणाल्या. "आई नाहीये यात. मरायच्या दिवशी त्याला माझा चष्मा आठवला, मी नाही."

"आई, तसं नाहीये ते. काही शब्द मशीन घेतच नाही. जे जिकडेतिकडे असतात ना, आणि, पण, आहे, ते त्याने वगळायला लावलेत. आपल्याकडे प्रत्येक दाखल्यावर आईचं नाव असतं. म्हणून आई हा शब्दही त्यातच गेला."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "माझी समजूत काढू नकोस. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

शुक्रवारी सकाळी तिने वगळायच्या शब्दांची फाइल उघडली. बारा वर्षांत त्या फाइलला कोणी हात लावला नव्हता. तारीख तीच होती, त्याने सॉफ्टवेअर बसवलं त्या आठवड्यातली. एकेका शब्दापुढे त्याने शेरा मारून ठेवला होता. शेरे मशीन वाचत नाही, ते मागून येणाऱ्या माणसासाठी असतात. तिने ते पान छापलं. मग सूची नव्याने बांधायला लावली आणि दुपारपर्यंत ती बांधून झाली. चष्मा टाकून पाहिलं. शून्य. साहेब खूश झाले.

संध्याकाळी सासूबाईंनी ते पान डोळ्यांशी नेऊन वाचलं. आई या शब्दापुढे लिहिलं होतं, "प्रत्येक कागदात असतेच. वेगळी शोधावी लागत नाही."

"हे त्यानेच लिहिलंय?"

"त्यानेच."

"भांडणाच्या आधीचं आहे."

"बारा वर्षांचं आहे. त्या दिवशीही तसंच होतं. आज मी नवी सूची बांधली, तेव्हाही तुम्हाला वगळलंच त्याने."

सासूबाई हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सुनेने त्यांना पाणी आणून दिलं. आता आपल्यालाही रडू येईल असं तिला वाटलं, म्हणून ती थांबली. आलं नाही.

"त्याच्या बाकीच्या फाइलींचे शब्द गं?" डोळे पुसून सासूबाईंनी विचारलं. "रोज लिहायचा ना?"

"गेले. दुपारीच गेले."

"कालपर्यंत होते ना ते? तू तुझ्यासाठी काहीच नाही काढलंस?"

सुनेला ते सुचलंच नव्हतं. बारा वर्षांचे शब्द सूचीत पडले होते, हातात पूर्ण एक दिवस होता, आणि तिने सूचीला एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्यांदा तिने त्याला न वाचता पुसलं होतं.

सासूबाई उठल्या. कालचा कागद त्यांनी देवाच्या फोटोमागे ठेवला होता. तो काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

"हा तू ठेव. माझं मला मिळालं. हा तुझा."

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि वाचायला लागली. आज. उगीच. औषध. चष्म्यापर्यंत आली आणि पुढचं तिला दिसेना.