मास्तरांचा कान

मास्तरांनी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं. बँडमध्ये कुणाची तार केसभर उतरली तरी ते गाणं थांबवून कानउघाडणी करायचे, म्हणून पोरांनी तरुणपणीच त्यांना मास्तर करून टाकलं. बरं, गाणी तरी कसली? एकेक गाणं पाऊण पाऊण तास चालायचं. मास्तरांची गिटार इको मशीनमधून घुमत राहायची, ऐकणारे डोळे मिटून डुलायचे, आणि त्या सगळ्या धुंदीत शुद्धीवर असायचे ते एकटे मास्तर. एकदा भर कार्यक्रमात त्यांनी बास गिटार वाजवणाऱ्या जाड्याला माइकवरून सुनावलं, आधी तार लाव, मग वाजव. जाड्या बास खाली ठेवून सरळ घरी गेला. बँड तिथेच संपला. त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

बँडच्या ड्रमवाल्याचा, पुन्हा एकत्र वाजवू या म्हणून, फोन आला तेव्हा मास्तर हो म्हणून मोकळे झाले. ड्रमवाल्याचं आता फर्निचरचं दुकान होतं आणि गोदाम रविवारी रिकामं असायचं. कार्यक्रम नाही, तिकिटं नाहीत, नुसतं मजेसाठी वाजवायचं. आणि सगळ्यांत आधी हो म्हणाला होता जाड्या.

पण त्या रविवारच्या पंधरा दिवस आधी ताप आला आणि जाताना मास्तरांचे दोन्ही कान बिघडवून गेला. उजव्या कानाला एक स्वर, तर डाव्याला त्याहून अर्धा स्वर वरचा. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही, सवय होईल. सवय कसली होतेय! घरातला रेडिओ बंद झाला. गिटारही सूर दाखवणारं मशीन लावून जुळवावी लागली, आणि पूर्वी बँडमध्ये ज्याच्या हातात असलं मशीन दिसेल त्याची मास्तर सालटी काढत. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती म्हणाली, "गेल्या गेल्या सांगून टाका. आपलीच माणसं आहेत." मास्तरांनी तसंच ठरवलं.

गोदामात प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यांच्या मधोमध ड्रम मांडले होते. कीबोर्डवाला, जो आता दातांचा डॉक्टर होता, सगळ्यांच्या कवळ्यांची चौकशी करत फिरत होता. जाड्या साखरेच्या आजाराने वाळून काडी झाला होता, पण जुनं नाव काही सुटलं नव्हतं. मास्तर तोंड उघडणार तोच ड्रमवाल्याने काठ्या आपटून ताल धरला.

दोन रेडिओंवर दोन स्टेशनं एकदम लागावीत, तसं मास्तरांना ऐकू येत होतं. ते स्वतःच्या बोटांकडे बघून वाजवत राहिले. समोर तीन म्हातारे सुखाने घामाघूम झाले होते. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस मिनिटांनी त्यांनी हात थांबवला.

"मला तुम्ही सगळे बेसूर ऐकू येताय," ते म्हणाले.

मग जाड्याच आधी हसला. दातवाला चष्मा काढून डोळे पुसू लागला. बत्तीस वर्षं हेच ऐकायचं राहिलं होतं म्हणाला. मास्तर परोपरीने सांगू लागले, थट्टा नाही, कान गेलेत, डॉक्टरांनी तपासलंय. त्यावर ड्रमवाल्याने विचारलं, डॉक्टरलाही बेसूर म्हणालास का? पुन्हा हशा. जन्मभर लांडगा आला रे ओरडलेल्या माणसाने आता कुणाच्या नावाने खडे फोडायचे?

जाड्या खुर्ची ओढून जवळ बसला. तो आता हसत नव्हता.

"त्या दिवशी घरी जाऊन मी तार मशीनवर बघितली," तो म्हणाला. "उतरलेलीच होती. तुझंच खरं होतं मास्तर. एवढं सांगायला मला बत्तीस वर्षं लागली." आणि त्याने बास उचलून मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "आज घरून न लावताच आणलाय. तूच लाव."

कान गेलेत हे पटवून द्यायची हीच वेळ होती. मास्तरांनी जाड्याच्या खप्पड गालांकडे बघितलं. त्यांनी खुंट्या पिळल्या, अंदाजाने, पूर्वी पिळायचे तेवढ्याच ऐटीत, आणि बास परत दिला.

जाड्याने तार छेडली. तिघेही मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिले. एका कानात एक स्वर होता, दुसऱ्यात दुसरा. खरा कुठला, देव जाणे.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

आजवर मास्तर जाड्याला असं कधीच म्हणाले नव्हते. जाड्या मान खाली घालून कितीतरी वेळ तीच तार छेडत राहिला.