दार लावायचं कडवं

नझलाबाईंचं ते गाणं तुम्ही ऐकलंय, असं मला सांगू नका. कैरोतल्या हरेक कॉफीच्या दुकानात ते वाजलं, न्हाव्याच्या खुर्चीत वाजलं, लग्नाच्या मांडवात वाजलं. पण बावीस वर्षं सगळ्यांनी ते उलटं ऐकलं. आणि उलटं ऐकवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे सांगायला बसलोय. मध्ये कुणी बोलायचं नाही.

मी दर्दीर. कानून वाजवतो. मांडीवर आडवं ठेवायचं, तारांनी गच्च भरलेलं ते वाद्य. नझलाबाईंच्या ताफ्यात आम्ही चौघं होतो: ऊद म्हणजे आखूड मानेची अरबी वीणा, व्हायोलिन, खंजिरी आणि मी. बाई मूळच्या दक्षिणेतल्या मिन्या गावाकडच्या. लहानपणी बायकांच्या मजलशीत गायच्या, लग्नात गायच्या आणि मयताला रडगाणीही गायच्या. कैरोत आल्या तेव्हा अंगावर एक काळा झगा होता आणि तोंडात नाईलकाठची शिवराळ भाषा. अक्षरओळख शून्य. पण डोक्यात चाली अशा यायच्या की मोठमोठे उस्ताद हात चोळत बसायचे.

या गाण्याची चाल बाईंनी मुलुखियाची भाजी निवडता निवडता लावली. माझ्या डोळ्यांसमोर! सत्तावीस सालची गोष्ट. मी ताट घेऊन भाजीची वाट बघत बसलो होतो आणि बाई पानं खुडता खुडता गुणगुणत होत्या. मध्येच म्हणाल्या, "दर्दीर, हे धरून ठेव. मला लिहिता येत नाही आणि तुला स्वयंपाक येत नाही, तेव्हा आपापलं काम करू." मी ते धरून ठेवलं. भाजी करपली. आम्ही तशीच खाल्ली.

गाण्यात चार कडवी. पहिल्यात बाई दिवा लावून त्याची वाट बघते. दुसऱ्यात गाऱ्हाणं. तिसऱ्यात विनवणी: 'ये ना रे, दार उघडंच आहे.' आणि चौथ्यात ती उठते आणि दार लावून घेते. 'कडी आतून आहे, आणि हात माझा आहे.' संपलं. तिसऱ्याचा शेवटचा सूर हवेत लोंबकळत ठेवलेला, आणि चौथं नेमकं तिथूनच तो सूर उचलतं. दोन कडव्यांमध्ये दोरासुद्धा घालता येणार नाही, इतकं ते सलग आहे.

मग रेकॉर्ड कंपनीच्या एजंटानं आम्हाला बोलावलं. दोन तबकड्या, चार बाजू, एका बाजूला एक कडवं. आत आम्ही भोंग्यासमोर घाम गाळत होतो आणि बाहेरच्या खोलीत एजंटाचा कारकून चिठ्ठ्या लिहीत होता: कुठल्या बाजूचा नंबर काय, गायिका कोण, चाल कुणाची. त्या कारकुनाचं नाव शौकत. जेमतेम ऊद छेडायचा आणि स्वतःला उस्ताद समजायचा. या दिवट्यानं तिसऱ्या बाजूवर चार लिहिलं आणि चौथ्या बाजूवर तीन. आणि 'चाल' पुढे लिहिलं स्वतःचं नाव! कागद बाईंसमोर आला, बाईंनी अंगठा दिला. कागदावर काय आहे ते कोण सांगणार?

तबकड्या छापून आल्या. कुणीतरी लेबल वाचून दाखवलं, तेव्हा बाई चपलेसकट एजंटाच्या कचेरीत घुसल्या. तो हसला. म्हणाला, "बाई, बाईमाणूस गातं, चाल लावत नाही. कोण विश्वास ठेवणार? आणि कडव्यांचं म्हणाल तर लोकांना हेच आवडतंय."

तेही खोटं नव्हतं, तिथंच तर घोडं पेंड खात होतं! उलट्या तबकडीवर बाई आधी दार लावते आणि मग 'ये ना रे' म्हणून पाघळते. पुरुषमंडळी खूश. "शेवटी विरघळलीच की," असं म्हणत मिशांना पीळ द्यायची. बाईंनी दोनदा मैफलीत खरं गाणं म्हणून बघितलं, तर लोक ओरडले, "बाई विसरल्या! बाई विसरल्या!" पोटाचा प्रश्न होता. बाई उलटं गायला लागल्या.

पण उलटं गायचं म्हणजे मध्ये खड्डा. दार लावलं, तिथून विनवणीवर येणार कसं? सूरच जुळत नाहीत. तेव्हा मी तिथे कानूनचा एक तुकडा बसवला. आधी जोरात, मग हळूहळू ओला होत जाणारा. लोक म्हणायचे, "ऐका, ऐका, तिचं मन कसं पाघळतंय!" तीन-तीनदा परत वाजवायला लावायचे. 'दर्दीरचा तुकडा' म्हणून तो दमास्कसपर्यंत पोचला. कबूल करतो, मला ते फार आवडायचं. बाईंच्या गाण्याला पडलेल्या भोकावर मी ठिगळ लावलं आणि त्या ठिगळावर बावीस वर्षं मिरवलो. लाज वाटते, पण आहे हे असं आहे.

एकोणपन्नास साल उजाडलं. सरकारी 'बे' किताब मिळून शौकत एव्हाना शौकत बे झाला होता. रेडिओच्या संगीत खात्याचा मोठा साहेब, रेशमी टाय, नव्या गायकांच्या परीक्षा घेणारा. त्याच्या सत्काराचा कार्यक्रम ठरला, रेडिओच्या मोठ्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला, श्रोत्यांसमोर, थेट प्रक्षेपण. आणि त्यात 'शौकत बेंची अजरामर चाल' खुद्द नझलाबाईंनी गावी, असं आमंत्रण घेऊन तो स्वतः बाईंच्या घरी आला.

"बाई, तुमचा आवाज आणि माझी चाल," तो म्हणाला. "हे नव्या यंत्रावर उतरवून ठेवणार आहोत. बगदाद, बेरूत, ट्युनिस, दर आठवड्याला सगळीकडे वाजेल. तुमचं नाव राहील."

"आणि चाल कुणाची, ते सांगणारच असाल," बाई म्हणाल्या.

"अहो, तो काय आता वादाचा विषय आहे?" असं म्हणून तो चहा प्याला. तीन चमचे साखर घालून.

तो गेल्यावर मी भडकलो. "जाऊ नका! थुंका त्याच्या आमंत्रणावर!"

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. गुडघे गेलेले, आवाज जाड झालेला. पण डोळे तसेच होते. म्हणाल्या, "दर्दीर, एकदा ते यंत्रावर चढलं की माझी चाल मेली. मी मेल्यावर कुणी विचारायलाही उरणार नाही. म्हणून मी जाणार आणि गाणं सरळ गाणार."

"लोक ओरडतील, विसरल्या म्हणतील."

"ओरडू दे. लोकांच्या आधी तोच ओरडेल बघ. त्याला गाणं तबकडीवरूनच ठाऊक आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त एक कर. त्या दिवशी तुझा तुकडा वाजवू नकोस."

थेट प्रक्षेपण, सगळा अरब मुलूख कान लावून बसलेला आणि मी हात बांधून बसू? मी म्हणालो, "बघू." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना उतरेपर्यंत मान वर केली नाही.

तो दिवस आला. बाईंनी अट घातली होती की साथीला आम्ही चौघंच हवेत, ती पन्नास व्हायोलिनची फौज नको. बे हसून हो म्हणाला होता, जुन्या गाण्याला शोभेल म्हणून. स्वतः मंचावर सोनेरी खुर्चीत, गळ्यात चमेलीचा हार, मांडीवर त्यानं लिहिलेली स्वरलिपी. काचेमागे यंत्राचा माणूस. निवेदकानं घशात मध ओतल्यासारखं जाहीर केलं, "चाल, शौकत बे!" टाळ्या पडल्या. बाई हलल्या नाहीत.

पहिलं कडवं झालं. "अल्लाह!" लोक म्हणाले. दुसरं झालं. "पुन्हा! पुन्हा!" बाईंनी दुसऱ्याची शेवटची ओळ तीनदा घेतली, तिन्ही वेळा वेगळी. आवाज जाड झाला होता खरा, पण त्या जाडीतच आता सगळं गाऱ्हाणं मावत होतं. आणि मग त्या थेट विनवणीवर आल्या. 'ये ना रे, दार उघडंच आहे.'

हॉलमध्ये कुजबुज. "विसरल्या." "वय झालं हो." कुणीतरी च्-च् केलं. बे खुर्चीतून पुढे झुकला, बोटानं खुणा केल्या, आणि बाई थांबेनात तेव्हा मोठ्यानं म्हणाला, "बाई, बाई! आधी दार लावायचं कडवं! हे नंतर!"

बाई थांबल्या. आम्ही थांबलो. मायक्रोफोन चालूच होता.

"असं का?" बाई म्हणाल्या. "मी म्हातारी बाई, विसरले असेन. बे, गाणं तुमचं. तुम्हीच सांगा. दार लावल्यावर त्या सुरावरून विनवणीच्या सुरावर यायचं कसं? मला जमत नाही. जरा गाऊन दाखवता?"

लोक हसले, त्यांना गंमत वाटली. बे उठला, गुणगुणला, अडखळला. पुन्हा गुणगुणला. सूर लागेना. मानेवर घाम. मग म्हणाला, "तिथे गाणं नाहीच. तिथे कानूनचा तुकडा आहे."

"तो तुकडा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझाच. अख्खं गाणं माझं, तुकड्यासकट!" आणि स्वरलिपी हलवून दाखवली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहून ठेवा, मी काही साधुपुरुष नाही. बाईंची चाल यानं चोरली तेव्हा मी बावीस वर्षं मूग गिळून बसलो, आणि माझा एवढासा तुकडा चोरला तेव्हा मला कंठ फुटला. पण फुटला हे खरं. कानून मांडीवरून खाली ठेवलं आणि मायक्रोफोनकडे गेलो.

"तुझा?" मी म्हणालो. बे नाही, साहेब नाही. "अरे चोरा, तो तुकडा माझा आहे, आणि तो गाण्यातला नाहीच! तू लेबलांवर आकडे उलटे लिहिलेस म्हणून गाण्यात खड्डा पडला, तो बुजवायला मी तो घातला. आम्ही आत गात होतो तेव्हा तू बाहेर चिठ्ठ्या खरडत होतास. गाणं तुझं असतं तर चूक तुला पहिल्या दिवशी कळली असती. बावीस वर्षं ती चूक पाठ करून बसलायस! ही चाल या बाईनं माझ्यासमोर लावली, भाजी निवडताना. आणि मी गप्प राहिलो, कारण माझ्या ठिगळाला टाळ्या पडत होत्या. थू माझ्यावर."

बे काचेकडे हात करून ओरडला, "बंद करा! बंद करा ते!"

बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "झालं तुझं बोलून? मग बस जागेवर. आणि हात तारांवर ठेव, वाजवू नकोस."

मी दोन्ही तळवे तारांवर सपाट ठेवले. बाईंनी विनवणी पहिल्यापासून घेतली. शेवटचा सूर लोंबकळत आला, आणि श्वास न तोडता तिथूनच त्या उठल्या आणि दार लावलं. 'कडी आतून आहे, आणि हात माझा आहे.'

कुठे खड्डा नव्हता. सगळ्यांना एकदम कळलं. अशी गोष्ट कानाला समजते, ती समजावून द्यावी लागत नाही. मागच्या रांगेतून एक बाई किंचाळली, "पुन्हा!" आणि हॉल फुटला. बाईंनी ती ओळ सात वेळा घेतली. कधी दार हळूच लोटलं, कधी आपटलं, एकदा तर हसत हसत लावलं. सातव्यांदा घेऊन झाल्यावर मायक्रोफोनला तोंड लावून म्हणाल्या, "चाल नझलाची. मिन्यापासून असवानपर्यंत ऐकलंत ना?"

काचेमागचा माणूस नंतर मला भेटला. म्हणाला, "हात बटणावरच होता हो. पण म्हटलं, कडवं संपू दे."

पुढच्या आठवड्यात रेडिओचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं: आपला आवाज यापुढे प्रसारणास योग्य नाही. बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. "साठीला आल्यावर कळलं का त्यांना!" बे खुर्चीवर तसाच राहिला. तसल्यांचं काय बिघडतं? पण सत्काराचं ते रेकॉर्डिंग त्यानं कधी वाजवलं नाही. वाजवणार कसं?

महिनाभरानं दुपारी आम्ही मोहम्मद अली रस्त्यावर हनफीच्या दुकानात कॉफी पीत होतो. तिथं आम्ही वाजंत्री लोक रोज जमतो. हनफीनं जुनी तबकडी लावली. दोन बाजू झाल्या. मग दुसरी तबकडी घेऊन त्यानं न विचारता तीन लिहिलेली बाजू तशीच ठेवली आणि चार लिहिलेली आधी लावली. नंतर तीन. दार लागलं, तसा अख्ख्या दुकानभर ओरडा, "पुन्हा!" तबकडीला कुणी पुन्हा म्हणतं का? पण हनफीनं सुई उचलून मागे ठेवली. माझा तुकडा कुणी मागितला नाही. एकानंही नाही. जरा टोचलं, खोटं कशाला बोलू.

बाईंनी ती तबकडी मागवली. "दर्दीर, यात त्याचं नाव कुठंय?"

मी बोट ठेवलं. हनफीनं खिळा आणून ते खरवडून काढलं. आता तिथं पांढरा डाग राहिला. बाईंनी पेला तिरपा केला, तळाच्या कॉफीच्या गाळात उजवा अंगठा बुडवला. एजंटाच्या कागदावर उठवलेला तोच अंगठा. आणि त्या डागावर घट्ट दाबला.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. "हनफी, आणखी एक कॉफी आण. ही मी वाया घालवली."

ती तबकडी अजून त्या दुकानात आहे. हनफी ती कुणाला पुसू देत नाही.