कॉफीआधीची मोजणी

पीएचडी करणाऱ्या निवेसचं उत्तर एक पूर्णांक चार आलं आणि प्रोफेसर तारोझ्झींनी तिला चक्क मिठी मारली. बोलोन्याच्या त्या प्रयोगशाळेत या माणसाने आजवर कुणाची पाठसुद्धा थोपटली नव्हती.

कारणही तसंच होतं. प्रकाशाचा एक कण गिळून सहसा फार तर एक रेणू तुटतो. तुटलेल्या रेणूंना गिळलेल्या कणांनी भागलं की उत्तर एकाच्या आत राहतं. ते वर गेलं, तर एक रेणू दुसऱ्याला तोडतोय, साखळी चालू आहे. या रसायनात साखळी आहे असं तारोझ्झी वीस वर्षं घसा कोरडा करून सांगत होते आणि पादोवा विद्यापीठातली मंडळी वीस वर्षं दात काढत होती. आता त्यांची जिरणार होती. तेही तारोझ्झींच्या निवृत्तीला महिना उरला असताना!

पद्धत तारोझ्झींचीच. दिवा लावायचा, लगेच लोखंडाच्या हिरवट द्रावणावर प्रकाशाचे कण मोजायला घ्यायचे, त्या द्रावणाला लाल रंग चढेपर्यंत (जितका गडद लाल, तितके कण जास्त) खाली बारमध्ये कॉफी पिऊन यायचं, मग प्रयोग. वेळ वाया जायला नको.

लेख पाठवण्याआधी एक मोजणी जास्तीची असावी म्हणून निवेसने संध्याकाळी पुन्हा कण मोजले. दिवा सकाळपासून चालूच होता. कण दीडपटीहून जास्त भरले. सकाळी तिने थंड, अजून मंद दिव्याचा प्रकाश मोजला होता आणि रेणू तोडले होते तापलेल्या दिव्याखाली. नवं उत्तर आलं शून्य पूर्णांक नऊ.

तिचा प्रबंध या उत्तरावरही उभा राहिला असता. तारोझ्झींची वीस वर्षं राहिली नसती. गप्प बसावं असं तिला फार वाटलं, तरी ती त्यांच्या खोलीत गेली.

"प्रोफेसर, कॉफीनंतर मोजलं तर शून्य पूर्णांक नऊ येतंय."

त्यांनी चष्मा काढला. "पण कॉफीआधी कशाला मोजलंस?"

"तुम्हीच तसं शिकवलंत."

ते चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्यांनी दिवा लावलेला होता आणि शेजारी खुर्ची ओढून ते बसले होते. कॉफीला येताय ना, असं तिने विचारलं.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी बसतो दिव्यापाशी."