पुकाऱ्याशिवाय जेवण नाही

देवाजी शेवटी लेकीच्या हॉटेलात आत बसून पोटभर जेवले. आता असं काही झालंच नाही असं धरून चालू. देवाजींनाही आत यायला बराच वेळ लागला होता.

भाग्यश्रीनं मूल गावाच्या रस्त्यावरची इंग्रजांच्या काळातली कोर्टाची कचेरी भाड्यानं घेतली आणि तिथे हॉटेल काढलं. भिंती इतक्या जाड की मे महिना बाहेरच थांबतो. साक्षीदाराच्या कठड्यात तिनं हात धुवायचं बेसिन बसवलं. तिथे उभा राहिलेला माणूस किती भात खाल्ला ते न विचारता खरं सांगून टाकतो. जंगलात वाघ न दिसलेले पर्यटकसुद्धा इथे आवाज न चढवता जेवतात.

फक्त तिचे वडील आत येत नव्हते. देवाजी रोज सकाळी तलावातली मासोळी आणून खिडकीतून द्यायचे, मग चपला काढून वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसायचे. तलावाच्या ठेक्याच्या खटल्यापायी त्यांची अख्खी जवानी याच भिंतीला टेकून गेली होती. खटला कोण जिंकलं हे आता दोन्ही बाजूंना आठवत नव्हतं, पण बसायची जागा पक्की लक्षात होती.

"बाबा, आत या ना," भाग्यश्री म्हणाली.

"पुकारा झाला काय?"

"हॉटेल आहे हे. इथी पुकारा नसते."

"तुले काय माहीत व? एक जण बिना पुकाऱ्याचा आत गेला होता. साहेबानं त्याले थेट दिवाळीनंतरची तारीख देल्ली."

आतून तिची आई सुगंधाबाई ताट हातात घेऊन ओरडली, "मी दोनदा जेवली. मले कोनी तारीख नाई देल्ली!"

"तू पक्षकार नाई होस," देवाजी शांतपणे म्हणाले.

त्यांना बसलेलं पाहून गावातले आणखी चौघे चपला काढून बसू लागले. ती रांग समजून नागपूरचं एक कुटुंब त्यांच्या मागे बसलं, आणि त्यांच्या मागे एक बस. आत रस्सा थंड होत होता, टेबलं रिकामी होती, आणि वऱ्हांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाग्यश्रीला गिऱ्हाइकांचं एवढं वाटत नव्हतं. बाप आत जेवत नाही तोवर आपल्या हॉटेलाचं उद्घाटनच झालेलं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

शेवटी ती कचेरीचे जुने चपराशी इसरूभाऊ यांच्या घरी गेली. इसरूभाऊंनी ऐकून घेतलं, तंबाखूचा खर्रा गालात सरकवला आणि मान हलवली.

"एकट्याचा पुकारा नाई होत, बाई. विरुद्ध कोन?"

भाग्यश्रीनं क्षणभर विचार केला. "मरळ."

"मासा? त्यानं काय केलं?"

"तळून तयार आहे."

"मंग हाजिर आहे," इसरूभाऊ म्हणाले आणि शर्टाची वरची गुंडी लावून निघाले.

हॉटेलाच्या दारात उभं राहून त्यांनी खर्रा थुंकला, छाती भरून घेतली.

"देवाजी वल्द गणूजी विरुद्ध मरळ मासाऽऽ! हाजिर होऽऽ!"

कौलांवरची कबुतरं उडाली. नागपूरचं कुटुंब उगाचच उठून उभं राहिलं. देवाजींनी टोपी सरळ केली, हात जोडले आणि उंबरठा ओलांडून थेट गल्ल्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब," ते लेकीला म्हणाले.

भाग्यश्रीनं जवळची खुर्ची पुढे ओढली. "बसा," ती म्हणाली.

देवाजी तसेच उभे. या खोलीत त्यांना हा शब्द आजवर कोणी म्हटला नव्हता. मग ते खुर्चीच्या कडेवर बसले. पहिल्या घासाला अर्ध्या खुर्चीवर आले, दुसऱ्या भाताला पूर्ण. मरळीनं बचावात काही सांगितलं नाही. आपल्या मागे सगळा वऱ्हांडा आत येऊन बसला आहे, हे त्यांनी पाहिलंच नाही.

हात धुऊन देवाजी पुन्हा गल्ल्यासमोर आले. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालेल्या भाषेत, खालच्या आवाजात त्यांनी तोंडी अर्ज केला:

"अर्जदार विनंती करतो की, सदर इमारतीच्या वऱ्हांड्यात अर्जदाराने उपाशीपोटी बसून काढलेले सर्व दिवस अर्जदारास परत करण्यात यावेत. सदर दिवस शक्यतो दुपारच्या वेळचे असावेत, व सोबत भात असावा."