जुन्या आर्मचा हात

एखादं कार्ट्रिज आवडलं की मियासाका मास्तर डोळे मिटून घेत. नाही आवडलं की खिडकीतून तळ्याकडे बघत बसत. तोंडाने ते काही बोलत नसत आणि बोलायची गरजही नसे. गेली तीन वर्षं फुमिए मोमोसेचं कार्ट्रिज वाजू लागलं की मास्तर तळं बघत. चिगुसाचं वाजू लागलं की डोळे मिटत.

जपानमधल्या सुवा तळ्याकाठच्या एका जुन्या रेशीम गोदामात त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायला, माणसं तिघंच. अंगठ्याच्या नखाएवढ्या डबीत सुई, तिच्यामागे केसाहून बारीक तारेची वेटोळी आणि सुईला धरून ठेवणारी रबराची चकती. असं कार्ट्रिज ग्रामोफोनच्या दांडीच्या, म्हणजे टोनआर्मच्या, टोकाला बसवायचं, आर्म तबकडीवर अलगद टेकवायचा, की खाचेतलं गाणं बाहेर येतं. वेटोळी दोघीही सारखीच घालत. फरक पडायचा तो शेवटच्या कामात. रबराच्या मागे एक तार असते. ती किती ताणायची यावर सुई किती मोकळी डुलणार हे ठरतं. एवढ्याशा स्क्रूचा खेळ, पण तो हातालाच कळावा लागतो.

विकायच्या कार्ट्रिजांचं ते काम खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मास्तर स्वतः करत; दोघी ते सरावापुरतं करून त्यांना ऐकवत. प्रत्येक खोक्यातल्या चिठ्ठीवर त्यांचा तांबडा शिक्का असे. या हिवाळ्यात त्यांचा हात कापू लागला. नववर्षाचा चहा पिताना ते म्हणाले, "आठ फेब्रुवारीला, सुयांच्या दिवशी, दोघी एकेक कार्ट्रिज आणा. सगळं तुमच्याच हातचं. जे मला ऐकत राहावंसं वाटेल, तिची खुर्ची. आणि यापुढे शिक्काही तिचाच."

"दोन्ही आवडली तर, मास्तर?" चिगुसाने विचारलं.

"तर मी म्हातारा झालो असं समजा."

चिगुसा खळखळून हसली. फुमिएही हसली, पण तिच्या हातातला चहा निवून गेला होता.

फुमिए एकोणचाळीसची होती. तिची आई याच तळ्याकाठच्या गिरणीत रेशीम उलगडायची आणि म्हणायची, धागा सैल सोडला की हातातून गेला. लग्नाआधी फुमिए दोन वर्षं तंत्रशाळेत शिकली आणि तिथून थेट मास्तरांच्या हाताखाली आली. मास्तर तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. तिची बोटं चिमट्यासकट हातात धरून त्यांनी ताण शिकवला होता. "अजून. अजून थोडा. हं, इथं." ती जागा तिच्या बोटांत कायमची राहिली. चिगुसा कारासावा आली त्याला तीनच वर्षं झाली होती. ती कामात गुणगुणायची, डब्यातलं नोझावानाच्या पाल्याचं लोणचं आधी मास्तरांपुढे करायची, आणि चुकली तर "अय्या, मेलं बिघडलं!" म्हणून मोकळी व्हायची. एवढ्या वर्षांत फुमिएने मास्तरांपुढे "बिघडलं" हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

घरी तिचा नवरा म्हणाला, "त्या पोरीचं नाव तू माझ्यापेक्षा जास्त वेळा घेतेस."

"मी तक्रार करते तिची."

"माझी तर तक्रारही करत नाहीस."

गेल्या वर्षी तिने एकदाच मास्तरांना विचारून पाहिलं होतं, "माझं कार्ट्रिज या आर्मला बसत नसेल का? आर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जमावी लागते, असं वाचलंय मी." मास्तर चष्मा पुसत म्हणाले होते, "चांगलं कार्ट्रिज कुठंही चांगलंच. नाचता येईना, अंगण वाकडं." चिगुसाच्या समोर. चिगुसाने मान खाली घातली होती. हसू लपवायला, अशी फुमिएची खात्री होती.

जानेवारीच्या शेवटी मास्तर आणि चिगुसा एका गिऱ्हाइकाला भेटायला तोक्योला गेले. चिगुसालाच का नेलं, हे फुमिएने विचारलं नाही. दुपारी गोदामात एकटी असताना तिने चाचणीची तबकडी काढली. तिच्यावर गाणं नसतं, नुसते सूर असतात, एकापेक्षा एक खोल, आणि शेवटचे तर कानाला ऐकूही येत नाहीत. आर्मचं वजन आणि सुईचा ताण मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे वागतात. त्यांचा स्वतःचा एक सूर असतो, तो आला की सुई आपोआप थरथरते. वजन जास्त तर थरथर संथ, ताण जास्त तर जलद. ती इतकी संथ हवी की संगीताच्या खाली राहील, आणि इतकी जलद हवी की तबकडीच्या वाकडेपणाच्या वर राहील. मधे जागा अगदी चिंचोळी.

चिगुसाच्या कार्ट्रिजची थरथर नेमकी त्या चिंचोळ्या जागेत आली. फुमिएच्या कार्ट्रिजची फार वर, संगीताच्या पायाशी जाऊन धडकत होती. म्हणूनच तिचे खालचे सूर सुजल्यासारखे वाजायचे.

तिने कपाट उघडून फडक्यात गुंडाळलेला जुना आर्म बाहेर काढला. लांब आणि लोखंडासारखा जड. मास्तरांनी तिला शिकवलं ते याच आर्मवर. हलका, नव्या चालीचा आर्म त्यांनी आणला, त्याच वसंतात चिगुसा आली.

तेव्हा अंगणच बदललं होतं, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ताण सैल करणं तिला अवघड नव्हतं. तिने एक कार्ट्रिज तसं करूनही पाहिलं. छान वाजलं, अगदी चिगुसाचं वाजतं तसं. तिने ते लगेच बंद केलं. डोळे मिटले असते मास्तरांनी, पण ते चिगुसाच्याच हाताला.

जुन्या आर्मसोबत दोन हेडशेल होते. कार्ट्रिज बसवायचा आर्मच्या टोकाचा तुकडा तो. जुने हेडशेल नव्यांसारखेच काळे होते, खोबणही तीच, पण हातात घेतले की वजन कळे. तिने त्यातला एक नव्या आर्मला लावला, मागचं वजन सरकवून तोल साधला आणि तबकडी पुन्हा लावली. आता तिची थरथर त्या चिंचोळ्या जागेत उतरली. चिगुसाची पार खाली गेली; तबकडी जराशी वाकडी आली की सुई डुलक्या घेऊ लागे.

फुमिएने सगळं जागच्या जागी ठेवलं. फक्त ते दोन हेडशेल आपल्या खणात ठेवले.

आठ फेब्रुवारी उजाडला तो कडक थंडी घेऊन. तळं काठापासून काठापर्यंत गोठलं होतं. वर्षभर कठीण जागी राबलेल्या सुयांना या दिवशी मऊ टोफूत टोचून निरोप देतात. गावातल्या शिवणवाल्या बायका देवळात जात. मास्तर कारखान्यातच टोफूची मोठी वडी ठेवत आणि वर्षभरातल्या झिजल्या, मोडल्या सुया तिच्यात टोचत. त्यांच्याकडे आणखी एक रिवाज होता. त्या दिवशी ऐकण्यात जी सुई नापास होई, तीही मोडून टोफूतच जाई.

चिगुसा टोफू आणायला गेली. मास्तर स्टोव्हजवळ हात शेकत बसले होते. कार्ट्रिजं आर्मला बसवायचं काम थोरली म्हणून फुमिएचं. तिने खण उघडला. नवे हेडशेल आत ठेवले, जुने बाहेर काढले. आपण लबाडी करतोय असं तिला मुळीच वाटलं नाही. इतकी वर्षं आपल्याविरुद्ध झुकलेला तराजू आज जरा सरळ करतोय, असंच वाटलं. फक्त बोटं गार पडली होती.

"फुमिएसान, आज हात थंडगार का हो तुमचे?" टोफूचं ताट खाली ठेवत चिगुसाने विचारलं. "माझे तर भीतीने घामेजलेत!"

"तुला कसली भीती? मास्तर तुझंच ऐकतात."

चिगुसाने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तसं नाही हो," एवढंच म्हणाली.

मास्तर पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसले. कोणतं आधी लागणार हे त्यांना कळू नये, म्हणून दोघींनी त्यांच्या पाठीमागे न बोलता दगड-कागद-कात्री खेळलं. फुमिएची कात्री, चिगुसाचा कागद. फुमिए जिंकली आणि तिने चिगुसाचं कार्ट्रिज आधी लावलं.

तबकडी चेलोची होती, मास्तरांची आवडती. एकदा स्टोव्हजवळ राहून जराशी वाकलेली. चेलो सुरू झाला आणि थोड्याच वेळात त्याच्या आवाजाला कंप सुटला, गाणारा जिना चढत गातोय असा. स्पीकरचा कागद आतबाहेर होऊ लागला. मास्तरांनी मान किंचित वर केली. ते तळं बघत होते.

तो कंप ऐकून चिगुसाचा चेहरा पांढरा पडला. फुमिएने तो पाहिला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीतली आग शांत झाली.

मग तिने आपलं लावलं. तीच तबकडी, तोच वाकडेपणा. पण चेलो आता खोलीच्या मधोमध बसून वाजवल्यासारखा उतरला, खालचे सूर लाकडासारखे कोरडे आणि स्वच्छ. मास्तरांची हनुवटी हळूहळू खाली गेली. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले होते. बाजू संपून सुई नुसती करकरू लागली तरी ते तसेच बसून होते.

"हे दुसरं," ते शेवटी म्हणाले. "हे कुणाचं?"

"फुमिएसानचं," चिगुसाच म्हणाली. तिने डोळे पुसले आणि फुमिएने सोडवून बाजूला ठेवलेलं आपलं कार्ट्रिज उचललं. "माझंच मेलं बिघडलं. काल उगाच पुन्हा हात लावला मी ताणाला. यात आता काही राम नाही." ती टोफूच्या ताटापाशी बसली, डाव्या हातात कार्ट्रिज धरलं आणि उजव्या हातातला चिमटा सुईच्या मुळाशी नेला.

फुमिए बघत राहिली. तिने काही केलं नसतं तरी चाललं असतं. खुर्ची मिळाली होती, मिटलेले डोळे मिळाले होते. चिगुसाची तिला कीव आली नाही; तेवढी ती अजून निवली नव्हती. पण त्या सुईत काही दोष नव्हता, आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं. ताण बरोबर, वेटोळी बरोबर, टोकाचा हिरा सरळ. चांगल्या सुईला खोट्या मापाने मारायचं, हे तिच्या हाताला मानवेना.

"थांब," ती म्हणाली. "चिमटा खाली ठेव."

"काय झालं?"

"मोडू नकोस म्हणते ना! सुई चांगली आहे. हेडशेल मी बदलले. जुन्या आर्मचे, जड. त्यावर तुझं डुलणारच, आणि माझं बसणार. मला माहीत होतं."

मास्तर वळले. त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. फुमिएने हेडशेल त्यांच्या तळहातावर ठेवला. तो हात कापत होता, पण वजन कळताच क्षणभर थांबल्यासारखा वाटला. त्यांनी अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला.

"मी तुझा हात धरून शिकवलं ते यावर," ते म्हणाले.

"हो."

"आणि नंतर मी अंगणच उकरून दुसरं केलं, आणि तुला म्हणत बसलो नाचता येत नाही." ते खिन्न हसले. "माझाच जुना हात ऐकत होतो मघाशी. मला वाटलं होतं, गेला तो."

त्यांनी नवा हेडशेल लावायला सांगितलं आणि चिगुसाचं कार्ट्रिज पुन्हा ऐकलं. त्यांचे डोळे मिटले. फुमिएच्या छातीत ती आग पुन्हा होती तिथे येऊन बसली, जुन्या भाडेकरूसारखी.

"आता सगळ्यांना हलकाच आर्म हवा असतो," मास्तर म्हणाले. "खुर्ची चिगुसाची. शिक्काही."

फुमिएने मान लववली. हे तिला मघाशीच कळलं होतं, "थांब" म्हणतानाच.

"आणि तो कपाटातला आर्म तू घेऊन जा. जड आर्मवाली गिऱ्हाइकं अजून आहेत. त्यांची कार्ट्रिजं तू करशील, तुझ्या शिक्क्याने. मला ऐकवायला मात्र आणायची. पण एक सांग. तीन वर्षं मला काही बोलली का नाहीस?"

"बोलले होते, मास्तर. एकदा."

मास्तर चष्मा काढून पुसू लागले.

मग तिघांनी वर्षभराच्या झिजल्या सुया टोफूत टोचल्या. चिगुसा फुमिएच्या शेजारी येऊन बसली. "मला दाखवाल? तो तुमचा ताण? मघाशी ऐकून अंगावर काटा आला माझ्या. खरंच सांगते, तीन वर्षं मनात जळत होते मी. मास्तर तुमचं ऐकताना तळ्याकडे कसे बघायचे, ऐकता ऐकता किती लांब हरवून जायचे. माझं ऐकताना बघावं तेव्हा डोळे मिटून पेंगायचे."

फुमिएचा हात टोफूवरच थांबला. तिने चिगुसाकडे नीट बघितलं. पोरगी थट्टा करत नव्हती.

"पेंगत नाहीत ते," ती म्हणाली.

"मग?"

फुमिएने शेवटची सुई टोचली, हात पुसले आणि जुना आर्म फडक्यात गुंडाळायला घेतला.

"पुढच्या वर्षी सांगेन," ती म्हणाली.