शेकाच्या दिव्याची खोळ

मित्रांनो, खिडकीशेजारी फुलाफुलांची खोळ घालून जो उंच सांगाडा पेंगत उभा आहे, तो मीच. मी एक जुना शेकाचा दिवा आहे. व्यायामोपचाराच्या या खोलीत एकेकाळी माझा मोठा थाट होता.

कारखान्यात मला लोखंडी पाय, लांब मान आणि लाल काच मिळाली. मला पेटवलं की भरदुपारीही खोलीत संध्याकाळ उतरे. दुखरे गुडघे, आखडलेले खांदे माझ्याखाली येत आणि माणसांचे डोळे हळूहळू मिटत. मग मलाही गुंगी येई. उठताना जो तो म्हणे, "काय बरं वाटलं हो!" मी अगदी फुशारून जात असे.

शिवणकाम करणाऱ्या काकू माझ्या सर्वांत लाडक्या. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी मूठ मिटली ती मिटलीच. त्या माझ्याखाली हात ठेवून चक्क घोरत. "शिवण सुटलं तर माझं उरलं काय?" असं एकदा पुटपुटल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या.

"काकू, शेकाने मूठ उघडते का?"

"बरं वाटतं ना!"

"ते खरंच. पण उघडते का?"

काकूंनी मिटलेली मूठ पदराखाली घेतली.

"पुष्कळ रुग्णांवर नीट ताडून पाहिलंय, काकू. हाताकडून काम करून घेतलं, तर तो सुधारायची शक्यता जास्त. नुसत्या शेकाने तसं दिसलेलं नाही. तुम्हाला या हाताने काय करायचंय?"

"नातीच्या फ्रॉकला बटण लावायचंय. पण माझा दिवा काढलात तर मी यायचीच नाही!"

"मग आधी बटणं उचलू. नंतर हवा तर दिवा."

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर बटणं सांडू लागली. काकू चिडत, रडत, बटणांच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नाही म्हणून हसत. हळूहळू माझ्याकडे यायचं त्या विसरूनच गेल्या. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. खोटं कशाला बोलू, मला त्या बटणांचा भारी राग आला.

परवा काकू आल्या. टॉवेल बाजूला करून त्यांनी मला ही खोळ घातली. "नातीच्या फ्रॉकचं उरलेलं कापड आहे रे," असं मला म्हणाल्या आणि माझ्या गळ्याशी बटण लावू लागल्या. उजव्या बोटांतून ते सारखं निसटत होतं. बराच वेळ गेला, पण बटण काजात शिरलं. डॉक्टरबाई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका. पण घरात कुणी आजारी पडलं, तर केवळ मायेपोटी आम्हाला पेटवू नका. याने खरंच मूठ उघडते का, ते आधी विचारा.

आणि हो, माझं बटण काकूंनी त्याच हाताने जरा तिरकं शिवलंय. ते कुणी उसवू नका.